विद्याधररावांचं बिनडागाचं पाणी

मुलुंड (पूर्व),
२१ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. वनमालाअक्का,

धाकट्या नंदूचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तिकडे तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि गोठ्यातली कपिला ही तिन्ही प्रकरणं आटोक्यात असतील अशी आशा करतो. (भाऊजींना गाईच्या रांगेत बसवलं म्हणून त्यांनी रागावू नये. पत्राला जागा कमी आणि मजकूर फार.) आमच्याकडे तब्येती सगळ्यांच्या ठणठणीत आहेत. बोलणं तेवढं बंद आहे.

तू मागच्या पत्रात विचारलंस की दसऱ्याला आमच्या उत्तराच्या लग्नाची बोलणी व्हायची होती, तर अजून पेढे कसे आले नाहीत. पेढे यायचे नाहीत. ते स्थळ मी मोडलं. मेमध्ये तू आलीस, तळमजल्यावरच्या सुगंधाला भेटलीस, ती तुझ्याच वेंगुर्ल्याची निघाली, तिचा मुलगा जयवंत इंजिनियर, सरळ, निर्व्यसनी, आपल्यातला, आणि एकाच इमारतीत सासर-माहेर, म्हणून तू भरल्या ताटावर हे लग्न ठरवून टाकलंस. ते सगळं खरं. मुलाबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण तू सुगंधाच्या हातचे घावणे खाऊन परत गेलीस आणि मुलाच्या बापाकडे नीट बघितलंच नाहीस. मी त्या विद्याधररावांकडे गेली बारा वर्षं बघतो आहे.

आता मुळापासून सांगतो. तुला माहीतच आहे की मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना (म्हणजे अजूनही आहे, दुसरा कोणी होत नाही) त्र्याऐंशी साली आवारात बोअरिंग मारून घेतलं. त्याआधी आमच्या तिसऱ्या मजल्यावर कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी पाऊण तास यायचं आणि तेही रडत रडत. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं तेव्हा सगळी इमारत आवारात उभी होती. बायकांनी त्या पाइपाला हळदकुंकू वाहिलं. पंपाच्या खोलीवर पाटी आहे, तीवर माझं नाव आहे. मी काही पाटी लावा म्हणून सांगितलं नव्हतं, पण लावलीच आहे तर दर महिन्याला पुसतो. असो. तर ते पाणी वरच्या टाकीत कॉर्पोरेशनच्या पाण्यात मिसळून चोवीस तास सगळ्यांच्या नळाला येतं. लोक त्यात आंघोळ करतात, कपडे धुतात, देव धुतात. तीन वर्षांत कोणाच्या देवाने तक्रार केली नाही.

तक्रार केली ती एका फियाटने. विद्याधररावांचा आठ वर्षांपूर्वी लावलेला नंबर या जानेवारीत लागला आणि सोसायटीतली पहिली मोटार त्यांच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. रंग निळा, पण इतका गडद की संध्याकाळी काळीच वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती हौसेने धुतली, उन्हात वाळू दिली, आणि वाळल्यावर तिच्या अंगभर पांढरे ठिपके उठले. देवी आलेल्या पोरासारखी दिसत होती, हे मला मान्य आहे. साध्या माणसाने काय केलं असतं? ओलं फडकं मारलं असतं. पण हे पडले औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेचे साहेब. त्यांनी बाटलीत माझ्या बोअरिंगचं पाणी भरून कारखान्यात नेलं, तिथे तपासलं, आणि चौथ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लावला. त्यात लिहिलं होतं की आपल्या इमारतीचं पाणी अतिशय जड असून त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण इतकं इतकं आहे. खाली सही. नोटीस बोर्डाची किल्ली माझ्याकडे असते, अक्का. त्यांनी कागद काचेवरून, बाहेरून चिकटवला होता.

आणि मग सुरू झाला तो कारखाना. त्यांच्या गॅलरीत दोन पांढरे जाड पाइप उभे राहिले, आत मधाच्या रंगाचे साबुदाण्याएवढे दाणे. वरून माझ्या बोअरिंगचं पाणी ओतायचं. पहिल्या पाइपातले दाणे एका जातीचे क्षार धरून ठेवतात, दुसऱ्यातले दुसऱ्या जातीचे (म्हणे), आणि खालच्या नळीतून जे थेंब थेंब गळतं त्यात काहीही नसतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. "यात काहीच नाही, नंदकुमारराव, काहीच नाही!" चोपन्न वर्षांचा माणूस दर रविवारी सकाळी सहा वाजल्यापासून बसून काहीच-नाही तयार करतो आणि ते कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवतो. दाणे दमले की त्यांना अॅसिड आणि कॉस्टिक सोडा पाजावा लागतो. त्या दिवशी गॅलरीखालून जाताना डोळ्यांत पाणी येतं. तिथली तगर मेली ती तेव्हाच.

माझा खरा अपमान झाला तो मार्चच्या सभेत. विषय होता गच्चीची गळती. हे उभे राहिले आणि खिशातून दोन तारा आणि एक बल्ब काढला. दोन पेले मागवले. तारा माझ्या पाण्यात बुडवल्या, बटण दाबलं, बल्ब पिवळट लागला. मग त्यांच्या पाण्यात बुडवल्या, बल्ब लागला नाही. सभेने टाळ्या वाजवल्या! लागलेल्या दिव्याला नाही, न लागलेल्याला. मी शांतपणे विचारलं की बल्ब मध्येच गेला नाही कशावरून. त्यांनी परत माझ्या पाण्यात घातला, परत लागला, आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. ज्यात दिवा लागतो ते पाणी वाईट आणि ज्यात अंधार पडतो ते उत्तम, हे शास्त्र मला या वयात शिकावं लागलं. गच्ची अजून गळते आहे.

त्या गाडीची आंघोळ तू बघायला हवी होतीस. आधी चिखल काढायला बोअरिंगचं पाणी चालतं (तिथे चालतं!), मग साबण, मग पुन्हा बोअरिंग, आणि शेवटी ते सोवळं पाणी, झाडांना घालायच्या झारीने, टपापासून खाली. कापड लावायचं नाही. हात लावायचा नाही. ती आपोआप वाळेपर्यंत विद्याधरराव छत्री घेऊन शेजारी उभे राहतात. ऊन असलं तर उन्हासाठी छत्री आणि नसलं तर कावळ्यांसाठी. हे सगळं करून गाडी कुठे जाते? कुठेही जात नाही. गेली तर धूळ बसेल. घाटकोपरला सुगंधाच्या भाचीचं लग्न होतं, तर हे तिघंजण जरीचे कपडे घालून रिक्षाने गेले, कारण आभाळ आलं होतं. गाडी घरी, चादर पांघरून. म्हणजे अशा घरात माझी मुलगी द्यायची, जिथे सुनेपेक्षा बॉनेटवर जास्त लक्ष. तरीही मी गप्प राहिलो, कारण तू ठरवलेलं, आणि उत्तराच्या तोंडावर मेपासून जे काही दिसत होतं ते मला दिसत नव्हतं असं नाही.

मग दसरा उजाडला. तुला ठाऊक आहे, दसऱ्याला सोसायटीच्या पंपाची पूजा मी करतो आणि मग ओळीने सगळ्यांच्या स्कूटरींची. यंदा मोटारही होती. ठरलं असं होतं की मोटारीची पूजा माझ्या हातून व्हावी, मग दोन्ही घरांनी एकमेकांना सोनं द्यावं, वर आमच्याकडे श्रीखंड-पुरी खावी आणि लग्नाची तारीख काढावी. जयंतीने होणाऱ्या जावयासाठी दोन दिवस चक्का टांगला होता. उत्तरा नवी साडी नेसून वर गॅलरीत उभी होती. मी खाली तांब्या, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार आणि नारळ घेऊन गेलो, तर विद्याधरराव एक कागद घेऊन उभे. म्हणाले, स्वस्तिक या कागदावर काढा, मी तो टेपने बॉनेटवर लावतो. शिंपडायला पाणी माझं घ्या. आणि नारळ तिकडे गेटापाशी फोडा. अक्का, लग्नात नवऱ्या मुलीच्या कपाळाला टेपने कुंकू चिकटवलेलं तू कधी बघितलंस का? मुलीचा बाप म्हणून गिळलं. पण हातात ओली हळद होती आणि समोर बॉनेट होतं आणि पंचवीस वर्षांची सवय होती. हात गेला. स्वस्तिक निघालं, चांगलं ठसठशीत. मग तांब्यातलं पाणी शिंपडलं. (ते बोअरिंगचं होतं, दुसरं कुठून आणू?) आणि नारळ पुढच्या उजव्या चाकाशी दगडावर फोडला. आता नारळ कोवळा निघाला ही काही माझी चूक नव्हे. त्याचं पाणी काचेपासून मागच्या दारापर्यंत उडालं.

विद्याधरराव एरवी पुस्तकासारखं बोलतात. त्या क्षणी त्यांच्या तोंडून, सगळ्या इमारतीसमोर, व्हायच्या व्याह्याला उद्देशून काय निघालं? "गाडयेक हात लावू नको, मेल्या!" एवढं बोलून ते थांबले असते तरी मी विचार केला असता. पण ते धावत घरात गेले, झारी आणली, आणि ओलं हळदकुंकू, अक्षता, स्वस्तिक, सगळं माझ्या डोळ्यांसमोर धुऊन काढलं. दसऱ्याच्या दिवशी. हार अजून गाडीवर होता. लोकांच्या हातांत आपट्याची पानं तशीच होती. मग मीही बोललो. म्हटलं, ज्या घरात कुंकू वाळायच्या आत धुतात त्या घरात माझी मुलगी जाणार नाही, हे लग्न झालं नाही असं समजा, आणि आजपासून माझ्या घरातलं माणूस तुमच्या दाराशी दिसणार नाही. एवढा आवाज मी आयुष्यात चढवला नव्हता. वर बघितलं तर गॅलरीत उत्तरा नव्हती, नुसता कठडा होता. श्रीखंड आम्ही तिघांनी चार दिवस खाल्लं आणि कोणाला गोड लागलं नाही.

इथपर्यंत तुला वाटेल की नंदूचा मान गेला पण नाक राहिलं. थांब. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची डाळ शिजली नाही. जयंतीने कुकरच्या चार शिट्ट्या घेतल्या, मग सात, मग अकरा. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारायला माणूस पाठवलं. डाळ उघडून बघितली तर दाणान् दाणा वेगळा, पाण्यात खडे टाकावेत तसा. मी म्हटलं वाण्याने जुनी डाळ घातली. तिसऱ्या दिवशी तेच. मी स्वतः वाण्याकडे गेलो, आवाज चढवला (सवयच झाली होती), नवीन पोतं फोडायला लावलं, नवीन डाळ आणली. तीही शिजली नाही. चहा वेगळाच लागायला लागला, त्यावर साय येऊन तरंगायची. उत्तराचे केस शिकेकाईने धुऊनही काथ्यासारखे दिसायला लागले. पाचव्या दिवशी मी चौकशी बसवली. घरात माणसं तीन, त्यातला एक मी. जयंती पदराशी चाळा करत उभी राहिली आणि मग जे बाहेर आलं ते मी तुलाच सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

गेल्या एप्रिलपासून, अक्का, रोज सकाळी मी ऑफिसला गेलो की जयवंत ड्युटीवर जाण्यापूर्वी दोन कॅन तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवत होता. त्या काहीच-नाहीचे. सुगंधाला म्हणे एकदा सहज त्या पाण्यात डाळ टाकायची बुद्धी झाली आणि ती दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. मग तिने जयंतीला सांगितलं. सात महिने माझ्या घरातलं वरण, चहा आणि माझ्या मुलीचे केस त्या गाडीच्या पाण्यावर चालले होते, आणि मी प्रत्येक सभेत छाती काढून सांगत होतो की बोअरिंगचं पाणी वाईट असतं तर आमच्या जयंतीचं वरण इतकं मऊ झालं असतं का. एवढंच नाही. जुलैमध्ये मी पुराव्यादाखल सगळ्या कमिटीला जेवायला बोलावलं होतं. विद्याधररावही आले होते. त्यांनी दोनदा वरण मागून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छान शिजलंय हो." बस. त्या माणसाला ठाऊक होतं! भर पंगतीत माझी लाज काढायची संधी हातात असताना तो वरणभात खाऊन, हात धुऊन, सुपारी घेऊन घरी गेला. असल्या आतल्या गाठीच्या माणसाशी सोयरीक कशी करायची, तूच सांग.

आणि जयवंत रोज वर का येत होता आणि कॅन ठेवायला पाऊण तास का लागत होता, हे मी विचारलं नाही. बापाने काही प्रश्न विचारू नयेत एवढं मला कळतं.

तेव्हा हे स्थळ संपलं असं समजावं. माझा निर्णय झालेला आहे आणि तो बदलणार नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर सावकाश पाठवलंस तरी चालेल.

तुझा,
नंदू

ता. क. कोणी येणारं असलं तर दोन किलो कुळथाचं पीठ पाठव. त्याची पिठी कोणत्याही पाण्यात होते. त्या चौकशीपासून आम्ही पिठलं खातो आहोत आणि जयंती ते वाढताना माझ्याकडे बघत नाही.

ता. क. दुसरा. वर लिहायचं राहिलं. उत्तरा भांडली नाही. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, जेवायची नाही. तिने आईला एवढंच सांगितलं की बाबा नाही म्हणाले ना, मग नाही. ती खडे असलेली डाळसुद्धा मुकाट्याने चावून खात होती. मी आंबट तोंड करून ताट सरकवलं तरी ती खात होती. तिने भांडायला हवं होतं, अक्का. भांडली असती तर मी हरलो असतो आणि प्रश्न मिटला असता. दिवाळीनंतर जयवंतची बदली बडोद्याला होते आहे, आणि सुगंधाला कांदिवलीची एक मुलगी पाडव्याला दाखवणार आहेत असं कानावर आलं. परवा सकाळी जिन्यात धापा ऐकू आल्या, दार उघडलं तर बाहेर एक कॅन होता. कोणी ठेवला माहीत नाही. त्यावर चिठ्ठी नव्हती. जयवंत तर चार दिवस कामानिमित्त पुण्याला आहे, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना जो थांबून थांबून धापा टाकतो तो इमारतीत एकच माणूस आहे. जयंती आणि उत्तरा झोपल्या होत्या. मीच तो उचलून आत नेला आणि ओट्याखाली ठेवला. त्या दिवशी वरण झालं.

ता. क. तिसरा. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. चार लोकांत बोललेला शब्द सेक्रेटरीला आपणहून मागे घेता येत नाही. पण मोठ्या बहिणीने कान धरला तर लोक काही म्हणत नाहीत, उलट चांगलंच म्हणतात. तेव्हा हे पत्र मिळाल्या दिवशी मला एक खरमरीत पत्र टाक. "नंद्या, तू लहानपणापासून आडमुठा आहेस, सोन्यासारखं स्थळ घालवतोस, उद्याच्या उद्या विद्याधररावांच्या घरी जा आणि माफी माग, नाहीतर भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नको," असं काहीतरी. तुला शिकवायला नको. बोअरिंगबद्दल चार शब्द वाईट लिहिलेस तरी माझी हरकत नाही. चारपेक्षा जास्त नको. पाकिटात घालू नकोस, साध्या कार्डावर लिही. आमचा पोस्टमन जिने चढत नाही, सगळं टपाल तळमजल्यावर देतो, आणि माझं प्रत्येक कार्ड विद्याधरराव माझ्याआधी वाचतात. अक्षर मोठं काढ. त्यांना हल्ली चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा शोधेपर्यंत सुगंधाने ते वर पाठवून दिलं तर सगळंच फुकट जाईल.